घरच्या रुळांवर डिझेल इंजिन: संथ चालीचं गणित

प्रश्न: माझ्याकडे एच.ओ. मापाचं एक अमेरिकन डिझेल इंजिन आहे. पुतण्याने तिकडून येताना आणलं. टेबलावर गोल रूळ मांडून मी ते चालवतो. एक तर ते सुटतं तेच सुसाट, नाही तर जागच्या जागी गुणगुणत उभं राहतं. मधलं काहीच नाही. पण काही हौशी मंडळींकडे अशीच इंजिनं इतकी सावकाश चालतात, की स्टेशनात खरी गाडी शिरते आहे असं वाटावं. हे कसं जमतं? फरक इंजिनात असतो की चालवणाऱ्याच्या हातात? आणि आणखी एक शंका: आत डिझेलचा थेंब नसताना याला डिझेल इंजिन म्हणायचं, ते फक्त दिसण्यापुरतंच ना?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: तुमची शेवटची शंका आधी घेतो, कारण पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं डिझेल इंजिन घ्या: डब्ल्यू.डी.एम.-2. अमेरिकेतल्या अ‍ॅल्को कंपनीकडून ते 1962 मध्ये आलं, आणि जानेवारी 1964 पासून वाराणसीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलं. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती, वजन सुमारे 112.8 टन. पण त्या सोळा सिलिंडरांचा चाकांशी थेट संबंध नाही. ते फक्त जनरेटर फिरवतात. जनरेटरची वीज खाली सहा आसांवरच्या सहा मोटरींना मिळते, आणि चाकं फिरवतात त्या मोटरी. म्हणजे खरं डिझेल इंजिनही चालतं विजेवरच, आपलं वीजघर पाठीवर घेऊन. तुमच्या टेबलावरच्या मॉडेलमध्येही मोटरच चाकं फिरवते. फरक इतकाच, की वीजघर इंजिनाच्या बाहेर, भिंतीतल्या प्लगशी आहे.

वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलबाबत असं म्हणता येत नाही. खऱ्या वाफेच्या इंजिनात सिलिंडर दांड्यांना ढकलतात आणि दांड्या चाकांना. मॉडेलमध्ये उलटं होतं: मोटर चाकं फिरवते आणि दांड्या नुसत्या मागे ओढल्या जातात. म्हणून डिझेलचं मॉडेल मला जास्त प्रामाणिक वाटतं. डिझेल इंजिन विजेवर चालतं, याला अपवाद आहेत. जर्मनीचं 1953 चं व्ही 200 हे डिझेल-हायड्रॉलिक होतं, त्याच्या आसांवर मोटरी नव्हत्या. पण आपल्या ब्रॉडगेज मार्गांवर ज्या डिझेल इंजिनांनी गाड्या ओढल्या, ती बहुतेक सगळी डिझेल-इलेक्ट्रिक.

आता वेगाचं. एच.ओ. म्हणजे खऱ्याच्या 87 पटींनी लहान. त्यामुळे वेगही 87 ने भागायचा. ताशी 120 किलोमीटर हा डब्ल्यू.डी.एम.-2 चा कमाल वेग मॉडेलच्या रुळांवर सेकंदाला जेमतेम 38 सेंटिमीटर होतो. हे घरी मोजून पाहा. सरळ रुळावर एक मीटर अंतराच्या दोन खुणा करा, स्टॉपवॉच लावा, आणि 313 ला सेकंदांनी भागा. जे उत्तर येईल तो तुमच्या इंजिनाचा ताशी किलोमीटरमधला ‘खरा’ वेग. एक मीटर तीन सेकंदांत कापलं तर ताशी 104, म्हणजे चांगली एक्सप्रेस. एका सेकंदात कापलं तर ताशी 313, आणि त्या वेगाने भारतात आजवर एकही रेल्वेगाडी धावलेली नाही. फलाटावर शिरणारी गाडी ताशी दहाच्या आसपास असते. तिला तो एक मीटर पार करायला तीस सेकंद लागले पाहिजेत. तीस सेकंद! हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण डोळ्यांना जे खरं वाटतं ते या तीस सेकंदांमुळेच.

इतक्या संथ वेगाला मोटर का अडते? थांबलेल्या यंत्राला हलवायला जितका जोर लागतो, त्यापेक्षा कमी जोर ते चालतं ठेवायला लागतो. दांड्यांचं घर्षण, ग्रीसचा चिकटपणा, गिअरचे दात हे सगळं मिळून सुरुवातीला मोटरला रोखून धरतं. तुम्ही नॉब फिरवत जाता, मोटर गुणगुणत राहते, आणि ज्या क्षणी अडथळा सुटतो त्या क्षणी तिला गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज मिळत असतं. म्हणून ते सुसाट सुटतं. स्वस्त मोटरीत तीनच ध्रुव असतात. तिचा आर्मेचर चुंबकाच्या एका ओढीतून दुसऱ्या ओढीत उडी मारत फिरतो, आणि कमी वेगाला या उड्या दिसतात. पाच ध्रुवांच्या, तिरप्या खाचांच्या आर्मेचरमध्ये त्या बऱ्याच कमी होतात.

चांगल्या मॉडेलचं वरचं कवच काढलं तर मधोमध मोटर दिसते. तिच्या दोन्ही टोकांना पितळेची जाड, गोल चकती असते, ते फ्लायव्हील. तिथून दोन्ही बाजूंना एकेक छोटा दांडा बोगीपर्यंत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यापर्यंत, जातो आणि तिथे वर्म गिअरला मिळतो. वर्म मोटरचा वेग एकदम खाली आणतो आणि जोर वाढवतो. फ्लायव्हील फिरतं राहून मोटरचे आचके गिळून टाकतं, आणि रुळावर एखाद्या ठिकाणी वीज क्षणभर तुटली तरी इंजिन तेवढं अंतर पार करतं. एक काळजी घ्यायची: वर्म मोटरकडून चाकांकडे फिरतो, चाकांकडून मोटरकडे नाही. म्हणून असं इंजिन रुळावर हाताने ढकलायचं नाही. मुलांना हे आधी सांगावं लागतं.

वजनाचीही एक गंमत आहे. लांबी 87 पटींनी कमी केली की वजन 87 च्या घनाने कमी व्हायला हवं. त्या हिशेबाने 112.8 टनांचं डब्ल्यू.डी.एम.-2 एच.ओ. मापात जेमतेम 170 ग्रॅम भरेल. पण 170 ग्रॅमचं इंजिन डबे ओढताना चाकं घसरवील, आणि चाकं रुळाला नीट टेकणार नाहीत, म्हणून वीजही नीट मिळणार नाही. त्यामुळे चांगले कारखाने आत ओतीव धातूचा सांगाडा घालतात आणि सहा आसांचं मॉडेल त्याच्या दुपटीहून जड करतात. तुमचं इंजिन हातावर तोलून पाहा. हलकं वाटलं, तर दोष तुमच्या हाताचा नाही.

सहाही आस मोटरने फिरतात का आणि सगळी चाकं रुळावरून वीज घेतात का, हेही पाहा. स्वस्त संचांतल्या इंजिनांत एकच बोगी फिरते, आणि वीज मोजक्या चाकांतून येते. सांध्यावरून जाताना अशा इंजिनाचं अडखळणं टळत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते क्रमाने सांगतो. सर्वांत आधी चाकं. रुळांवर आडवा टिश्यू पेपर टाका, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब सोडा. इंजिनाची एक बोगी कागदावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून इंजिन हाताने धरून ठेवा आणि वीज द्या. कागदावर फिरणारी चाकं दोन काळे पट्टे उमटवतील. कागद सरकवत राहा. पट्टे पुसट झाले की इंजिन फिरवून दुसरी बोगी घ्या. ‘इंजिन बिघडलंय’ म्हणून कपाटात पडलेली कित्येक इंजिनं एवढ्यानेच चालू लागतात.

मग तेल. जुनं ग्रीस वर्षानुवर्षं पडून राहिलं की मेणासारखं घट्ट होतं. ते काढून प्लास्टिकला चालेल असं हलकं तेल दांड्याच्या टोकांना सुईच्या अग्राने लावा, गिअरला प्लास्टिकला चालणारं ग्रीस. घरातलं शिलाई मशीनचं तेल वापरू नका. काही तेलांनी प्लास्टिक ठिसूळ होतं. आणि मोटरच्या कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश टेकतात त्या तांब्याच्या भागावर, तेल जाऊ देऊ नका.

त्यानंतर कंट्रोलर. साध्या नॉबचा कंट्रोलर व्होल्टेज हळूहळू वाढवतो. त्यापेक्षा पल्स देणारा कंट्रोलर संथ चालीला फार बरा. तो पूर्ण व्होल्टेजचे छोटे छोटे झटके देतो, त्यामुळे सुरुवातीचा अडथळा सुटतो, पण सरासरी वीज कमीच राहते. पुतण्याने इंजिनाबरोबर तिथला पॉवर पॅकही आणला असेल, तर तो इथल्या प्लगमध्ये थेट लावू नका. अमेरिकेतला घरगुती पुरवठा 120 व्होल्टचा, आपला 230 चा. पॅकवर 230 लिहिलेलं नसेल तर तो जळेल. इथला 12 व्होल्ट डी.सी.चा कंट्रोलर घ्या.

हे सगळं करून पुढे जायचं असेल, तर डी.सी.सी., म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, ही पद्धत आहे. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारून अमेरिकेतल्या एन.एम.आर.ए. या मॉडेल रेल्वे संस्थेने 1990 च्या दशकात तिचं प्रमाण ठरवलं. इथे रुळांत कायम पूर्ण वीज असते, आणि तिच्यातूनच प्रत्येक इंजिनाला नावानिशी हुकूम जातो. इंजिनात बसवलेला डिकोडर आपला हुकूम ओळखतो आणि मोटर चालवतो. संथ चालीसाठी त्याची खरी करामत वेगळीच आहे. फिरणारी मोटर स्वतःच थोडी वीज तयार करते. डिकोडर क्षणाच्या छोट्या भागात मोटरची वीज बंद करतो, ती उलट वीज मोजतो, आणि त्यावरून मोटर खरोखर किती वेगाने फिरते आहे हे जाणतो. वेग कमी पडला तर वीज वाढवतो, वाढला तर कमी करतो. हे इतक्या झटपट चालतं की इंजिन चढावर असो वा वळणावर, चाल बदलत नाही. सुरुवातीचं व्होल्टेज, वेग किती हळूहळू वाढावा, किती हळूहळू उतरावा, कमाल वेग किती, ही सगळी मूल्यं तुम्ही स्वतः बसवू शकता. नव्या डिकोडरचा पत्ता बहुतेक वेळा 3 असतो. तो लगेच बदला, नाही तर दोन नवी इंजिनं एकदम निघतील.

फरक इंजिनात की हातात, असं तुम्ही विचारलंत. दोन्हींत. पण तिसरा वाटा रुळांचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. त्याचं पुढे रत्नागिरीच्या प्रश्नात पाहू.

प्रश्न: मला घरी भारतीय डिझेल इंजिनच हवं आहे. पण ब्रॉडगेजचे रूळ 1676 मिलिमीटर अंतराचे आणि एच.ओ.चे रूळ युरोप-अमेरिकेच्या मापाचे. मग आपलं इंजिन त्यावर शोभेल का? शिवाय फ्लॅटमध्ये जागा म्हणजे भिंतीवरची एक फळी. तेवढ्यात काय होईल?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: हिशेब करून पाहा. 1676 मिलिमीटरला 87 ने भागलं तर 19.3 मिलिमीटर येतात. बाजारातला एच.ओ. रूळ 16.5 मिलिमीटरचा, म्हणजे 1435 मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचा. त्यामुळे डब्ल्यू.डी.एम.-2 चं हुबेहूब कवच त्यावर ठेवलं, तर चाकं खऱ्यापेक्षा सुमारे पावणेतीन मिलिमीटर आत जातात. समोरून पाहिलं की जाणकाराला ते कळतं. बाजूने पाहिलं तर कुणालाच कळत नाही, आणि फळीवरची मांडणी आपण बाजूनेच पाहतो. भारतातले बहुतेक हौशी ही तडजोड स्वीकारतात, कारण 19.3 मिलिमीटरचे रूळ, सांधे आणि चाकं सगळं हाताने करावं लागतं. ज्याला ते करायचं असेल त्याने जरूर करावं, ते काम थोर आहे. पण चालवायची घाई असेल तर 16.5 घ्या.

कवचाखाली काय ठेवायचं, याचं उत्तर अ‍ॅल्कोच्याच घराण्यात आहे. डब्ल्यू.डी.एम.-2 च्या बोगीत तीन आसांमधली अंतरं सारखी नाहीत. हे अ‍ॅल्कोच्या तीन आसी बोगीचं वैशिष्ट्य आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅल्को आर.एस.डी.-4 आणि आर.एस.डी.-5 या इंजिनांनाही अशाच असमान अंतराच्या बोगी होत्या, आणि त्यांची लांबीही जवळपास तेवढीच. त्यांची एच.ओ. मॉडेलं मिळतात. त्यांचा चालता सांगाडा घेऊन वर डब्ल्यू.डी.एम.-2 चं पितळी किंवा थ्री-डी छापील कवच बसवायचं, हा मार्ग मला सगळ्यात पटतो. डब्ल्यू.डी.एम.-2 साधारण 17.1 मीटर लांब. एच.ओ.त ते पावणेवीस सेंटिमीटरच्या आत बसतं.

मीटरगेजवाल्यांचं भाग्य चांगलं. 1000 मिलिमीटर म्हणजे एच.ओ.त साडेअकरा, आणि स्विस मीटरगेजच्या मॉडेलांसाठी 12 मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. मीटरगेजचं वाय.डी.एम.-4 डिझेल त्यावर छान शोभेल. माथेरानची 610 मिलिमीटरची लाईन असेल, तर 9 मिलिमीटरच्या रुळावर नॅरोगेज करता येतं आणि रूळ वाकवायची मुभा खूप मिळते. फळीवर वळणं बसवायची असतील, तर नेरळ–माथेरानचं डिझेल इंजिन हा उत्तम विषय आहे.

पण तुमच्या फळीचं काय? सहा आसांच्या इंजिनाला एच.ओ.त 22 इंच, म्हणजे 56 सेंटिमीटर त्रिज्येचं वळण लागतं. 18 इंचांवरही काही इंजिनं वळतात, पण अडखळतात आणि डबे रुळावरून उतरतात. 22 इंचांचा पूर्ण गोल म्हणजे सुमारे चार फूट रुंदीचं टेबल. फ्लॅटमध्ये ते बसत नाही. चढावाचंही तसंच. बोर घाटातला चढ 37 ला 1 आहे. एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यासाठी साधारण आठ सेंटिमीटर उंची लागते, आणि 37 ला 1 ने ती गाठायला जवळपास तीन मीटर लागतात. त्या चढावर इंजिनाची ओढ बरीच कमी होते, हे वेगळंच.

मग गोल सोडून द्या. फळीवर शंटिंग यार्ड करा. इंग्लंडमधल्या अ‍ॅलन राइट यांनी इंगलनूक नावाची मांडणी रचली. तिच्यात दोन सांधे, तीन बगली रूळ आणि एक मुख्य टोक एवढंच असतं. एका बगलीत पाच वॅगनी मावतात, उरलेल्या दोन बगलींत तीन-तीन. टोकाला इंजिन आणि तीन वॅगनी. एकूण वॅगनी मात्र आठच असतात, आणि चिठ्ठी काढून त्यांतल्या पाच ठरलेल्या क्रमाने लावायच्या असतात. गाडी लावण्याचे असे 6720 क्रम होतात. मालगाडीची बी.ओ.एक्स.एन. वॅगन एच.ओ.त सव्वाबारा सेंटिमीटरची. साडेपाच-सहा फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर हे सगळं बसतं. इथे डब्ल्यू.डी.एस.-6 सारखं शंटिंगचं इंजिन घातलंत, तर ते तिथलंच वाटेल. आणि शंटिंगमध्ये ताशी पाच किलोमीटरहून जास्त वेग लागतच नाही, त्यामुळे संथ चालीचं सगळं शिक्षण इथेच होतं.

एन मापाचाही विचार करा. 1:160 मध्ये डब्ल्यू.डी.एम.-2 फक्त पावणेअकरा सेंटिमीटर. 28 सेंटिमीटर त्रिज्येचा गोल दोन-सव्वादोन फूट रुंदीत बसतो. फक्त डोळ्यांची आणि बोटांची तयारी जास्त लागते, आणि चाक लहान म्हणून मळाचा त्रासही जास्त.

प्रश्न: आमच्याकडे पावसाळ्यात रूळ काळे पडतात, इंजिन चार पावलं चालून थांबतं. इथल्या हवेत हा छंद करायचा की नाही?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: नक्की करायचा. फक्त तयारी आधी करावी लागते.

पितळी रूळ घेऊ नका, ते दमट हवेत लवकर काळवंडतात. लोखंडी रूळ तर गंजतातच. निकेल सिल्व्हर घ्या. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. काळे पडलेले रूळ सॅंडपेपरने घासणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. त्याने बारीक ओरखडे पडतात, त्यांत मळ साचतो, आणि पुढच्या खेपेला तो दुप्पट बसतो. मलमलीच्या फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, फडकं दर वेळी बदला.

इंजिन चार पावलं चालून थांबतं ते बहुधा फिशप्लेटमुळे. दोन रूळ जोडणारी ती पत्र्याची पट्टी दमट हवेत आतून गंजते आणि वीज पुढे जात नाही. म्हणून फक्त पट्टीवर विसंबू नका. दर मीटरभर रुळाच्या बाहेरच्या बाजूला तार डाग देऊन जोडा, आणि खाली जाड तारेतून वीज न्या. हे काम एकदाच करायचं असतं, पण त्याने पावसाळाही सुसह्य होतो.

फळी प्लायची असेल तर वरून, खालून आणि कडांनाही रंग द्या. लाकूड पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. रूळ तसा बदलत नाही, म्हणून तो वाकडा होतो किंवा उचलला जातो. रुळांच्या जोडात एक मिलिमीटरची फट ठेवली की हे टळतं. खडी चिकटवताना पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका. द्रव खडीत नीट मुरतो. ते उन्हाळ्यातच करा, पावसात दिवसेंदिवस सुकत नाही.

इंजिनं डब्यात ठेवताना सिलिका जेलची पिशवी ठेवा, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. आणि जुन्या फोमला रंगाशी लागून राहू देऊ नका. काही वर्षांनी तो रंगाला चिकटतो आणि डाग पाडतो. मध्ये मऊ कागद घाला.

प्रश्न: मी डिझेल इंजिनं जमवतो आहे, परदेशी आणि देशी मिळेल ती. काचेच्या कपाटात ठेवली आहेत. संग्रहाला दिशा द्यायची तर कशी?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: ‘मिळेल ती’ ही दिशा नव्हे, असं मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. चांगला संग्रह एक जागा आणि एक काळ पकडतो.

उदाहरण देतो. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 रोजी राष्ट्राला अर्पण झाली, आणि संपूर्ण विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झालं. मधल्या चोवीस वर्षांत कोकणकन्या आणि मांडवी या गाड्या डिझेल इंजिनांनी ओढल्या. डब्ल्यू.डी.एम.-2 पासून डब्ल्यू.डी.पी.-4डी पर्यंतचा हा प्रवास तीन-चार मॉडेलांत पूर्ण दाखवता येतो. डब्ल्यू.डी.पी.-4डीचं घराणं वेगळं: मूळ अमेरिकेच्या जनरल मोटर्सचं, एका 4000 अश्वशक्तीच्या डिझाईनमधून निघालेलं. अ‍ॅल्कोचा जुना, खोल घुमणारा आवाज आणि थ्रॉटल वाढवताना सुटणारा काळा धूर त्याला नव्हता. तो धूर का सुटायचा? टर्बोचार्जर पुरेशी हवा देण्याआधीच इंधन वाढायचं, आणि अर्धवट जळलेलं इंधन काळं होऊन बाहेर पडायचं. मॉडेलमध्ये धूर नको, पण आवाजाचा डिकोडर घातलात तर थ्रॉटलचे आठही नॉच ऐकू येतात, आणि आवाज वाढल्यानंतर क्षणभराने इंजिन हलतं. खऱ्यातही तसंच होतं.

किंवा कॅसल रॉक–कुळे, ब्रागांझा घाट. तिथेही 37 ला 1 चा चढ, आणि मालगाडीला मागून ढकलणारी डिझेलं. कोणतीही एक जागा घ्या. त्या जागेची दोन इंजिनं आणि सहा डबे हे काचेमागच्या चाळीस विसंगत इंजिनांपेक्षा जास्त बोलतात. गाडी मात्र पूर्ण लांबीची करू नका. चोवीस डब्यांची गाडी एच.ओ.त सहा मीटरहून लांब होते. पाच-सहा डबे पुरेत.

आणि इंजिनं काचेमागे ठेवू नका. दर महिन्याला प्रत्येकाला थोडा वेळ चालवा, दोन्ही दिशांना. पडून राहिलेलं इंजिन आतून आळसावतं. पुण्यात असाल तर कोथरूडमधलं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून या. भाऊसाहेब जोशी यांच्या कष्टांतून ते उभं राहिलं आणि 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. एका माणसाच्या चिकाटीने एवढी चालती मांडणी उभी राहू शकते, हे डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे.

नवं किंवा जुनं इंजिन विकत घेताना एकच अट घाला. विकणाऱ्याला सांगा, की रंग आणि दिवे नंतर दाखवा, आधी हे सर्वांत कमी वेगाने चालवून दाखवा. चाकांच्या प्रत्येक फेरीत ते एकाच जागी अडखळलं, तर बोगीचा एखादा गिअर बहुधा तडकलेला आहे. असं इंजिन स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.